पहिला नांगर विकला जाईपर्यंत : उद्योजकाची वृत्ती आणि सवयी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात साठ वर्षांच्या पटावरची नावे पुन्हा एकदा ओठांवर येतात. कोण कुठे आहे, कोण काय झाले, याची विचारपूस होते. पूर्वी अशा मेळाव्यांत डॉक्टर, अभियंते, बँकेतील आणि सैन्यातील अधिकारी यांची नावे आधी घेतली जात. अलीकडे त्या यादीत उद्योजकांचीही भर पडू लागली आहे. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. ही कुटुंबे बहुतांशी नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात आली. कोणी रेल्वेत, कोणी टपाल खात्यात, कोणी लष्कराच्या हिशेब खात्यात. महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारा पगार हा या घरांचा कणा होता आणि त्यात उणेपणाचे काहीही नव्हते. परप्रांतातील मराठी शाळा त्याच पगारांतून बाजूला काढलेल्या रुपयांवर उभ्या राहिल्या.

परंतु त्या पगाराबरोबर एक समजूतही घराघरांत रुजली. धंदा हे आपले काम नव्हे. त्याला वडिलोपार्जित भांडवल लागते, उपजत चलाखी लागते आणि आता तर अस्खलित इंग्रजीही लागते, ही ती समजूत. मूल मराठी माध्यमात घालताना अनेक पालकांच्या मनात जी धाकधूक असते, तिच्या मुळाशी हीच समजूत असते. म्हणून यशस्वी उद्योजकाच्या मनाची घडण कशी असते, त्याच्या रोजच्या सवयी कोणत्या असतात आणि त्या घरी वा शाळेत लागू शकतात का, हा विचार आजच्या प्रसंगी अप्रस्तुत ठरणार नाही. हा विचार तत्त्वांची यादी देऊन करता येतो. पण यादी विसरली जाते, माणूस लक्षात राहतो. म्हणून येथे एकाच माणसाच्या आयुष्याकडे जरा निरखून पाहू. त्या माणसाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. चित्रकलेचे शिक्षण घेण्याच्या विचाराला वडिलांचा विरोध होता. थोरले बंधू रामूअण्णा यांनी मात्र पैशांचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद कळत नव्हता. ते अंशतः रंगांध होते.

घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या कमाईवर चित्रकार होण्यासाठी मुंबईला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे कळणे म्हणजे काय, याची कल्पना पालकांनी क्षणभर करावी. हा दोष कष्टाने जाणारा नव्हता. परीक्षेतील अपयश पुढच्या वर्षी पुसता येते. डोळ्यांतील उणीव पुसता येत नाही. त्या मुलाने गावी परतून नशिबाला बोल लावला असता, तर त्याला कोणीही दोष दिला नसता. लक्ष्मणरावांनी पाहिले ते एवढेच की, गेलेले वजा जाता हाती काय उरते. रंग गेले, पण रेषा उरली होती. यंत्रांच्या आरेखनाला रंग लागत नाहीत. लागते ती अचूक रेषा, प्रमाणाचे भान आणि वस्तूचे अंतरंग डोळ्यांपुढे उभे करण्याची शक्ती. हे तिन्ही गुण त्यांच्यापाशी होते. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

उद्योजकाच्या वृत्तीचा पहिला विशेष येथेच दिसतो. हानी झाल्यावर तो शोक करीत नाही असे नाही. तोही माणूसच असतो. पण शोक करून झाल्यावर तो शिलकेची मोजदाद करतो. ही सवय व्यापारी वहीतून आलेली नाही. ती मनाची सवय आहे आणि लहान वयातच लागू शकते.

शिक्षकाच्या नोकरीत लक्ष्मणरावांनी दुसरी सवय जोपासली. यंत्र नुसते फळ्यावर काढून त्यांचे समाधान होत नसे. ते कसे चालते, कुठे अडते, का बिघडते, हे स्वतःच्या हातांनी जाणून घेतल्याविना त्यांना चैन पडत नसे. कामावरून मोकळे झाल्यावरचा वेळ या उद्योगात जाई. त्याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी प्रथम सायकल पाहिली. तिचे नवल अनेकांना वाटले असेल. लक्ष्मणरावांच्या मनात मात्र बेळगाव उभे राहिले. मुंबईत सायकली विकत घेऊन त्या बेळगावला पाठवायच्या आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायच्या, असा दोघा भावांचा व्यवसाय सुरू झाला. त्याचा आरंभ १८८८ सालचा मानला जातो आणि ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नावही तेथूनच चालत आलेले आहे. सायकल विकणे आणि ती चालवायला शिकवणे ही दोन कामे त्या दुकानात जोडीने चालत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवी वस्तू विकणाऱ्याला अर्धे शिक्षक व्हावेच लागते, हे या भावांना पहिल्याच धंद्यात उमगले होते.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन गृहस्थांना देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. हा प्रसंग सांगताना स्वाभिमानावर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र आजच्या तरुण श्रोत्यांनी त्यातील दुसरा भागही पाहावा. नोकरी सोडली त्या दिवशी लक्ष्मणरावांच्या हाती काहीच नव्हते असे नाही. बेळगावचे दुकान आधीपासून चालू होते, विश्वासाचा भाऊ तेथे होता आणि यंत्रांचे प्रत्यक्ष ज्ञान पदरी होते. अपमानाच्या भरात घेतलेली उडी आणि तयारीनिशी टाकलेले पाऊल यांत फरक असतो. नोकरी सोडून उद्योगात पडण्याच्या कहाण्या आज कौतुकाने ऐकवल्या जातात. त्या कहाण्यांतील पूर्वतयारीची वर्षे बहुधा गाळलेली असतात. धाडस डोळ्यांत भरते, तयारी भरत नाही. मुलांना धाडसाच्या गोष्टी सांगणाऱ्या मोठ्यांनी तयारीचीही गोष्ट सांगितली पाहिजे.

बेळगावला लहानशा कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि त्यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला. येथे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत शिकवणारा अध्याय सुरू होतो. नांगर तयार होता, चांगला होता, आणि तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते, पीक मारले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांचा विचार शांतपणे करावा. शेतकऱ्याला अडाणी म्हणणे सोपे होते. शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द चटकन येतो. परंतु त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहिले तर त्याच्या नकाराला अर्थ होता. लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत असे. तो मोडला तर तोच सुतार दुरुस्त करून देई आणि त्याचे मोल सुगीला बलुत्याच्या रूपाने चुकते होई. लोखंडी नांगर रोख पैसे मागत होता. त्याचा एखादा भाग मोडला तर गावात तो कोण देणार, हा प्रश्न होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेतकऱ्याला प्रयोग वर्षातून एकदाच करता येतो. कारखान्यात एक साचा बिघडला तर दुसऱ्या दिवशी दुसरा ओतता येतो. मृगाच्या तोंडाशी नांगरट बिघडली तर वर्षाची भाकरी जाते. ‘लोखंडाने जमीन विषारी होते’ या वाक्याच्या आड हे सगळे भय दडलेले होते.

लोखंडी नांगराची योग्यता जमिनीतच दिसू शकत होती. लाकडी नांगर माती फाडत जातो; लोखंडी नांगर मातीचा थर उचलून पालथा घालतो. हरळी आणि कुंदा यांसारख्या, खोल मुळे धरून बसणाऱ्या तणांनी काळ्या जमिनी व्यापल्या, की त्यांच्यापुढे उथळ नांगरटीचे काही चालत नाही. असे तण मुळासकट वर आलेले ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला जाहिरातीची गरज उरली नाही. पण ते पाहणारा पहिला माणूस मिळेपर्यंत वाट पाहणे, त्या काळात कारखाना चालू ठेवणे, मालाचा दर्जा सैल न होऊ देणे आणि गिऱ्हाइकाला शिव्या न देणे, ही लक्ष्मणरावांची खरी कसोटी होती. त्या दोन वर्षांत त्यांच्यापाशी यश नव्हते, पुरावा नव्हता, कीर्ती नव्हती. ज्या सवयी होत्या त्यांच्याच बळावर ती वर्षे निभावली गेली. उद्योजकाची वृत्ती यश मिळाल्यावर दिसते असे मानले जाते. ती वास्तविक पहिला नांगर विकला जाण्यापूर्वीच पारखली जाते.

नकाराकडे पाहण्याची ही रीत हा उद्योजकाचा मध्यवर्ती गुण मानावा लागेल. सामान्य माणसाला नकार हा अपमान वाटतो. उद्योजकाला त्यात माहिती दिसते : या माणसाला कशाची भीती आहे, त्याला कोणती अडचण आहे, आपल्या मालात वा आपल्या सांगण्यात काय कमी आहे. नकार देणाऱ्याला मूर्ख ठरवले की शिकण्याचे दार बंद होते. हा गुण वर्गातही ओळखता येतो. गणित चुकल्यावर काही मुले पाटी पुसून टाकतात, काही मुले शेजाऱ्याची पाटी पाहतात, आणि एखादे मूल आपली चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते बोट ठेवून शोधत बसते. त्या मुलाला वेळ लागतो, त्यामुळे परीक्षेत त्याचे नुकसानही होते. पण पुढच्या आयुष्यातील मोठी कामे बहुधा अशाच मुलांच्या वाट्याला येतात.

नांगर विकले जाऊ लागले, आणि मग बेळगावची जागाच सोडावी लागली. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना तेथून हलवणे भाग पडले. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीला पोहोचले होते. संसार होता, कामगार होते, यंत्रे होती, जागा नव्हती. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कलांचे चाहते होते. ज्याला चित्रकला सोडावी लागली, त्याला एका चित्रकार राजाने हात दिला, हा योग मोठा मनोज्ञ आहे. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज अशी मदत मिळाली. जागा म्हणजे काय, तर निवडुंगांनी भरलेला उजाड माळ. १९१० साली त्या माळावर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणरावांनी वस्ती केली. तीच किर्लोस्करवाडी.

किर्लोस्करवाडीची यंत्रे, नांगर, चरक, पंप यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शाळेच्या व्यासपीठावरून मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधणे योग्य होईल : त्या माळावर जमलेल्या माणसांकडे. लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव यांनी या पहिल्या सहकाऱ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. शंभूराव जांभेकर यंत्रे चालती ठेवीत. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी यांना कोणतीच कारागिरी येत नव्हती, म्हणून व्यवस्थापन, कायदेशीर बाबी आणि अडल्यानडल्याची सगळी कामे त्यांच्याकडे आली. अनंतराव फळणीकर हे शाळेत नापास झालेले विद्यार्थी होते. ते तेथे कल्पक अभियंता म्हणून उदयाला आले. आणि वसाहतीची राखण ज्या दोघा विश्वासू रक्षकांकडे होती, ते पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले होते.

शिक्षकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. त्यात गुणपत्रिकेवर निवडला गेलेला माणूस शोधून सापडत नाही. रंगांध चित्रकाराने नापास विद्यार्थ्याला अभियंता केले आणि दरोडेखोरांच्या हाती वसाहतीची राखण दिली. याला भाबडेपणा म्हणता येणार नाही. भाबड्या माणसाचा कारखाना वर्षभरही चालत नाही. माणसात काय नाही याची मोजणी बहुतेकांना येते, कारण ती सोपी असते. माणसात काय आहे हे ओळखून त्याला त्या जागी बसवणे, आणि एकदा बसवल्यावर त्याच्यावर विश्वास टाकणे, हे अवघड असते. लक्ष्मणरावांना हे का साधले, याचे एक कारण त्यांच्या आयुष्यात दिसते. एकेकाळी त्यांच्याही बाबतीत ‘हा काय करू शकत नाही’ एवढेच जगाला दिसले होते. तो अनुभव काहींना कडवट करतो. लक्ष्मणरावांची नजर त्याने स्वच्छ केली. त्याच नजरेने त्यांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हा निर्णय सोपा नव्हता. जेथे माणसाचे मोल त्याच्या कामावरून ठरते, तेथे जन्मावरून त्याला दूर उभे करणे हा अन्याय तर आहेच, शिवाय उद्योगाचे नुकसानही आहे.

मराठी माध्यमाच्या शाळेत आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे उचित ठरेल. किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाचकाच्या घरातील जिव्हाळ्याची वस्तू बनले. त्यानंतर १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. लोखंड ओतणाऱ्या गावातून मराठी वाङ्मयाचे आणि समाजसुधारणेचे तीन प्रवाह वाहू लागले. ज्ञान इंग्रजीतून, देशोदेशींच्या यंत्रविद्येतून घ्यावे आणि ते आपल्या माणसांपर्यंत आपल्या भाषेत पोहोचवावे, यात त्या कुटुंबाला कोणताही विरोध जाणवला नाही. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत शिकले आणि १९२६ साली पदवी घेऊन किर्लोस्करवाडीच्याच कारखान्यात परतले. पुढे १९४१ साली हरिहर येथे आणि १९४६ साली पुणे व बंगळूर येथे उद्योगाच्या शाखा फोफावल्या. मराठी ही मागे खेचणारी भाषा असती, तर हा विस्तार झाला नसता. इंग्रजी उत्तम शिकावीच. तिची भीती मात्र बाळगू नये, आणि मराठीची लाज तर मुळीच बाळगू नये.

येथे एक शंका उपस्थित होईल. सगळे उद्योजक असेच असतात का? तसे नाही. लक्ष्मणरावांच्या नंतरच्या पिढीतील वालचंद हिराचंद यांचे उदाहरण घ्यावे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांचा पिंड निराळा होता. लक्ष्मणराव एका नांगरासाठी दोन वर्षे थांबले. वालचंदांना भव्य स्वप्नांची ओढ आणि वेगाची आवड. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, तेव्हा बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांच्या समुद्रावरील मक्तेदारीला आव्हान मिळाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूर येथे विमानांचा आणि विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना त्यांनी उभारला. ते दोन्ही उद्योग पुढे सरकारकडे गेले आणि आज राष्ट्राची संपत्ती आहेत. एकाचा स्वभाव पेरून वाट पाहणाऱ्याचा, दुसऱ्याचा वाऱ्यावर शीड सोडणाऱ्याचा. तरीही दोघांत साम्य दिसते ते नकाराशी असलेल्या नात्यात. हे आपल्या देशात होणार नाही, हे वाक्य दोघांनीही ऐकले आणि दोघांनीही त्याला शेवटचे वाक्य मानले नाही. मुलांचा स्वभाव एका साच्यात घालण्याची गरज नाही, एवढा दिलासा या तुलनेतून घ्यावा.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अशा चरित्रांतून अपयशाचे उगीच गोडवे गायले जात नाहीत ना? शाळेत मन न रमलेला मुलगा उद्योगपती झाला, म्हणून शाळेत मन न रमणे हा गुण ठरत नाही. नापास झालेल्या हजारो मुलांना कोणतीही किर्लोस्करवाडी मिळाली नाही. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. लक्ष्मणरावांच्या मागे पैसे पुरवणारा भाऊ होता, संकटात जागा देणारा राजा होता, आणि त्या दोघांच्या विश्वासाला पात्र ठरेल असे वर्षानुवर्षांचे काम होते. यश स्थिर नसते हेही विसरून चालणार नाही. हरिहरचा तो कारखाना पुढे काळाच्या ओघात बंद पडला. सवयी वारशाने मिळत नाहीत. प्रत्येक पिढीला त्या नव्याने लावून घ्याव्या लागतात.

म्हणूनच या चरित्रातून घ्यायचे ते वेगळे आहे. त्यातला मुलगा जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा भाऊ महत्त्वाचा. रामूअण्णा नसते तर लक्ष्मणराव मुंबईला पोहोचले नसते आणि बेळगावचे दुकानही चालले नसते. तशीच किर्लोस्करवाडी नसती तर शाळेत नापास झालेल्या त्या विद्यार्थ्यातील अभियंता कोणालाच दिसला नसता. होतकरू माणसाला कोणीतरी जागा द्यावी लागते, आणि ती तो यशस्वी होण्याआधी द्यावी लागते. यश मिळाल्यावर सत्कार करणारे पुष्कळ भेटतात.

पालकांसाठी याचा अर्थ रोजच्या व्यवहारात उतरवता येतो. मुलाची सायकल पंक्चर झाली तर ती लगेच दुकानात न पाठवता एकदा त्याला चाक उघडू द्यावे. हात काळे होऊ द्यावेत. दिलेल्या खाऊच्या पैशांचा हिशेब त्याने स्वतः वहीत लिहावा, तो रुपयाने चुकला तरी चालेल, पण लपवू नये. हाती घेतलेले काम, मग तो किल्ल्याचा देखावा असो की भित्तिपत्रक, अर्धवट सोडून दुसरे धरू नये. आणि निकालाच्या दिवशी किती गुण मिळाले हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : जे चुकले ते कुठे चुकले, हे तुला सापडले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेत असते. दुसऱ्याचे उत्तर मुलालाच शोधावे लागते, आणि तेच त्याच्याबरोबर आयुष्यभर राहते.

शिक्षकांसाठी हा विचार थोडा अस्वस्थ करणारा आहे आणि तो तसाच असावा. साठ वर्षांच्या पटावर गुणवंतांची नावे सोनेरी अक्षरांत आहेत. ती असलीच पाहिजेत. परंतु याच पटावर अशीही नावे आहेत, ज्यांच्यापुढे लाल शाईची रेघ आहे. त्यांतील किती जणांच्या हातांत कसब होते, किती जणांना माणसे जोडता येत होती, किती जण तुटलेली बाके न सांगता दुरुस्त करीत होते, याची नोंद कोणत्याही शाळेच्या दप्तरात सापडणार नाही. शाळेने ती नोंद ठेवायला शिकणे, हे हीरक महोत्सवानंतरचे पहिले काम मानावे लागेल.

आणि माजी विद्यार्थ्यांसाठी एक मागणे आहे. महोत्सवी निधीचे आवाहन संस्थेने केलेलेच आहे. हे मागणे त्याहून वेगळे आहे. ज्यांचे स्वतःचे दुकान, कारखाना, कार्यालय वा व्यवसाय आहे, त्यांनी दर वर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या एका मुलाला वा मुलीला आपल्याकडे काम शिकण्यासाठी जागा द्यावी. निवड करताना गुणपत्रिका शेवटी पाहावी. जे आज नोकरीत आहेत, त्यांनी वर्षातला एक शनिवार शाळेला द्यावा आणि मुलांना आपल्या कामातील यशाबरोबर आपल्याला मिळालेला एखादा नकारही मोकळेपणाने सांगावा. ज्यांना शाळेत कमी गुण मिळाले होते आणि म्हणून जे अशा मेळाव्यांना येण्याचे आजवर टाळत आले, त्यांनी तर अवश्य यावे. त्यांची गोष्ट ऐकण्याची गरज मुलांना सर्वांत अधिक आहे.

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात ती दोन वर्षे येतात. वस्तू तयार असते, कष्ट प्रामाणिक असतात आणि घेणारा कोणी नसतो. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ती दहावीनंतर येतील, नोकरीच्या शोधात येतील किंवा पहिला धंदा मांडल्यावर येतील. त्या काळात त्याच्या मदतीला कोणतीही पदवी धावून येत नाही. मदतीला येतात त्या लहानपणी लागलेल्या सवयी, आणि आपल्यावर कोणाचा तरी विश्वास आहे ही जाणीव. यांतील पहिली गोष्ट घर आणि शाळा मिळून देऊ शकतात. दुसरी देण्यासाठी रामूअण्णांसारखा एखादा थोरला भाऊ लागतो. आणि साठ वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या रूपाने असे थोरले भाऊ आणि थोरल्या बहिणी या शाळेपाशी भरपूर आहेत.